वाचक विचारतात : कैदी घेऊन निघालेल्या बोटी

गेल्या अंकात १८ डिसेंबरच्या, म्हणजे १९६१ च्या गोवा मुक्तीच्या लढाईच्या निमित्ताने बांबोळीच्या किनाऱ्याला लागलेल्या आफोंसो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज युद्धनौकेवर चार ओळी छापल्या होत्या आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की याच बोटीने दुसऱ्या महायुद्धात समुद्रात तरंगणाऱ्या युद्धकैद्यांना वाचवलं होतं. त्या एका वाक्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच घातली नाहीत, फक्त गाव.

वास्कोहून एक वाचक : सर, आमचे बाबा मुरगाव बंदरात कामाला होते. ते नेहमी सांगायचे की आल्बुकेर्क बोटीवर ६१ साली भारतीय नौदलाने गोळे टाकले ते त्यांनी या बाजूने ऐकले. पण तिने कैद्यांना वाचवलं हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. नक्की काय झालं होतं?

झालं होतं ते खरंच झालं होतं, आणि आपल्याकडे हा भाग कुणी फारसा सांगतच नाही याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्यासाठी ती बोट म्हणजे फक्त मुक्तीच्या लढाईतली शत्रूची बोट. आफोंसो द आल्बुकेर्क ही इंग्लंडमध्ये बांधून घेतलेली, १९३५ मध्ये पोर्तुगीज नौदलात दाखल झालेली. १९४२ च्या नोव्हेंबरात ती मोझांबिकला लोरेन्सू मार्किशला होती, म्हणजे आजचं मापुतो. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता, त्यामुळे तिला कुणाशी लढायचं नव्हतं.

त्याच महिन्यात नोव्हा स्कोशिया नावाची ब्रिटिश बोट मसावा बंदरातून डर्बनला निघाली. मसावा म्हणजे एरिट्रिया, तांबड्या समुद्रावर. बोटीत एकूण १,०५२ माणसं आणि त्यातली साधारण ७८० इटालियन, काही युद्धकैदी आणि बरेच नागरिक, म्हणजे तिथे राहणारे इटालियन ज्यांना इंग्रजांनी नजरकैदेत टाकलेलं. एरिट्रिया इटालियनांच्या हातून गेला तो १९४१ मध्ये, केरनच्या लढाईनंतर, आणि त्या लढाईत आपली मराठा पलटण होती हे बेळगाव जवळ असल्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. म्हणजे ही माणसं कैदी कशी झाली त्या गोष्टीत थोडा वाटा आपल्याही माणसांचा आहे.

२८ नोव्हेंबरला सकाळी, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर, यू १७७ या जर्मन पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडले. बोट दहा मिनिटांच्या आत गेली. दहा मिनिटांत हजार माणसं खालच्या मजल्यांवरून वर कशी येणार, होड्या कधी सोडणार? बहुतेक होड्या सोडताच आल्या नाहीत. पाण्यावर तेलाचा थर, लोक लाकडाच्या तुकड्यांना, तराफ्यांना धरून, आणि शार्क. वाचलेल्यांनी नंतर जे सांगितलं त्यात शार्कचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी आल्बुकेर्क तिथे पोचली आणि तिने १९० च्या वर माणसं पाण्यातून काढली, त्यात १३० च्या आसपास इटालियन, बाकी पहारेकरी आणि खलाशी. ८५८ गेले. कितीतरी प्रेतं पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या किनाऱ्याला, डर्बनच्या बाजूला लागली आणि तिथल्या लोकांनी ती पुरली.

पुढचं तुमच्या बाबांनी ऐकलंच. १८ डिसेंबर १९६१, दुपार, आयएनएस बेतवा आणि आयएनएस बियास जुवारीच्या मुखाशी आल्या, गोळाबार झाला, आल्बुकेर्कचा रेडिओ अधिकारी मारला गेला, कप्तान आंतोनियु द कुन्या आरागांव जबर जखमी झाला आणि बोट बांबोळीच्या किनाऱ्यावर वाळूत चढवली गेली. नंतर ती मुंबईला ओढत नेऊन भंगारात काढली. वसाहतवादी सरकारची युद्धनौका होती ती, त्यात काही वाद नाही, आणि तिचा शेवट व्हायला हवा होता तसाच झाला असं मी मानतो. पण १९४२ चा तो दिवस तिच्या नावावर आहे तो आहेच, आणि आपण दोन्ही सांगावं.

फोंड्याहून दोघा-तिघांचा एकच प्रश्न : इटली तर जर्मनीचा दोस्त होता ना? मग जर्मन पाणबुडीने दोस्ताचीच माणसं का बुडवली? आणि कळल्यावर स्वतः का नाही वाचवलं?

बुडवताना कळलंच नाही. पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून दिसते ती शत्रूची राखाडी रंगाची बोट, आत कोण बसलंय ते दिसत नाही. यू १७७ पाण्यावर आली, दोन जणांना वर ओढून घेतलं आणि त्यांच्याकडून कळलं की हे इटालियन आहेत. कप्तानाने लगेच जर्मनीला बिनतारी संदेश पाठवला. उत्तर आलं की वाचवत बसू नका, पुढे जा. जर्मनांनी मग पोर्तुगीजांना कळवलं आणि म्हणून लोरेन्सू मार्किशहून आल्बुकेर्क निघाली. म्हणजे ते एकशे नव्वद जण जगले ते त्या एका संदेशामुळे, संदेश गेला नसता तर कुणाला पत्ताच लागला नसता.

आता "वाचवत बसू नका" हा हुकूम आला कुठून, तर त्याच्या दोनच महिने आधी लाकोनियाचं प्रकरण झालेलं. हे सविस्तर सांगायला हवं कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळत नाही. लाकोनिया मोठी ब्रिटिश प्रवासी बोट, सैन्यासाठी घेतलेली, तिच्यावर तोफा बसवलेल्या. १२ सप्टेंबर १९४२ ला पश्चिम आफ्रिकेजवळ अटलांटिकमध्ये यू १५६ ने तिला बुडवली. आत सुमारे २,७०० माणसं, त्यातले सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी, शिवाय बायका आणि मुलंसुद्धा. इटालियन खाली होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या खोल जागेत, गजांच्या आड होते आणि बोट कलायला लागल्यावरही त्यातल्या बऱ्याच जणांना वर येऊ दिलं नाही असं वाचलेल्यांनी सांगितलंय.

यू १५६ चा कप्तान वेर्नर हार्टेनश्टाइन, त्याने पाण्यातून इटालियन भाषेतल्या हाका ऐकल्या आणि तो लोकांना वर काढायला लागला, इटालियन पण आणि इंग्रज पण, बायका-मुलं पण. एवढीशी पाणबुडी, तिच्या पाठीवर दोनेकशे माणसं आणि मागे दोराने बांधलेल्या होड्यांची रांग. त्याने उघड इंग्रजीत रेडिओवरून सांगितलं की जी बोट मदतीला येईल तिच्यावर मी हल्ला करणार नाही. तोफेवर रेडक्रॉसचा मोठा झेंडा पसरला. १६ सप्टेंबरला असेन्शन बेटावरून अमेरिकन लिबरेटर विमान आलं, त्याने हे सगळं पाहिलं, तळावर विचारलं, तळावरून बुडवायचा हुकूम आला आणि त्याने बॉम्ब टाकले. होडीतली माणसं मेली, पाणबुडीला दोर तोडून खाली जावं लागलं. शेवटी फ्रेंच बोटींनी डाकारहून येऊन उरलेल्यांना उचललं, पण दीड हजारांवर माणसं गेली.

दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख अ‍ॅडमिरल डोनिट्झ याने हुकूम काढला की यापुढे बुडालेल्या बोटीतल्या लोकांना वाचवण्याचा कसलाही प्रयत्न करायचा नाही. नोव्हा स्कोशियाची माणसं रात्रभर पाण्यात राहिली ती त्या हुकुमामुळे. मला या सगळ्यात सर्वात जास्त राग येतो तो त्या विमानाला दिलेल्या हुकुमाचा, कारण तिथे झेंडा दिसत होता, माणसं दिसत होती, आणि तरीही. डोनिट्झचा हुकूम अमानुष होताच, युद्धानंतर न्यूरेम्बर्गच्या खटल्यात त्याच्यावर तो मांडलाही गेला. पण त्याला निमित्त हातात आणून दिलं दुसऱ्या बाजूने.

म्हापशाहून एक वाचक : लिस्बन मारू नावाची बोट कैद्यांसकट बुडाली असं वाचलं. लिस्बन म्हणजे पोर्तुगीजांची होती का?

नाही हो, जपानी. निप्पॉन युसेन कंपनीची मालवाहू बोट, योकोहामात बांधलेली, पोर्तुगालशी संबंध फक्त नावाचा.

पण विचारलंत ते बरं केलंत, कारण कैद्यांच्या बोटींमध्ये आत काय व्हायचं हे सगळ्यात स्पष्टपणे कळतं ते लिस्बन मारूवरूनच. हाँगकाँग १९४१ च्या नाताळात पडलं, तिथले ब्रिटिश सैनिक जपान्यांच्या कैदेत. सप्टेंबर १९४२ च्या शेवटी त्यातले अठराशेच्या वर कैदी या बोटीत भरून जपानला मजुरीसाठी निघाले. तीन होल्ड, त्यात फळ्या टाकून माणसं खेटून झोपवलेली, बरेच जण हगवणीने आणि उपासमारीने आधीच अर्धमेले. पहिल्या होल्डात नौदलाचे, दुसऱ्यात रॉयल स्कॉट्स आणि मिडलसेक्स पलटणीचे, तिसऱ्यात तोफखान्याचे. वरच्या बाजूला सातशेच्या वर जपानी सैनिक घरी परत निघालेले. बाहेरून बघणाऱ्याला ती सैन्याची बोटच होती, आणि खोटं नाही, सैन्य होतंच.

१ ऑक्टोबरला सकाळी चीनच्या झौशान बेटांजवळ ग्रूपर या अमेरिकन पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला. बोट लगेच बुडाली नाही. जपानी सैनिकांना दुसऱ्या बोटींवर हलवलं. आणि कैद्यांचं काय केलं तर संध्याकाळी होल्डांची झाकणं फळ्या टाकून बंद केली, वरून ताडपत्री ओढली आणि दोरखंडाने आवळून टाकली. हवा नाही, पाणी नाही, उजेड नाही, खाली पाणी चढतंय आणि तिसऱ्या होल्डातली माणसं हातपंपाने ते उपसतायत, पाळीपाळीने, काही मिनिटांत एकेक जण चक्कर येऊन पडतोय. एका होल्डातून दुसऱ्या होल्डात भिंतीवर ठोकून निरोप. जवळजवळ एक रात्र अशी काढली. सकाळी बोट कललेली जाणवली तेव्हा दुसऱ्या होल्डातल्यांनी लपवलेल्या सुरीने ताडपत्रीचे दोर कापले, फळी वर केली. वर आलेल्या पहिल्या माणसांवर पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. मग सगळेच निघाले. तिसऱ्या होल्डाची शिडी तुटली आणि तिथले बहुतेक आतच राहिले. पाण्यात पडलेल्यांवरही आजूबाजूच्या जपानी बोटींवरून गोळीबार झाला.

तेवढ्यात जवळच्या बेटांवरचे चिनी मासेमार आपापल्या लहान होड्या घेऊन निघाले. कुणी हुकूम दिला नव्हता, उलट जपानी समोर होते. फेऱ्यांवर फेऱ्या मारून त्यांनी ३८४ जणांना काढलं, घरी नेलं, त्यांच्याकडेच खायची पंचाईत असताना जे होतं ते वाढलं, अंगावर घालायला आपले कपडे दिले. चिनी होड्या माणसं उचलायला लागल्या तेव्हा कुठे जपानी बोटींनीही पाण्यातल्यांना घ्यायला सुरुवात केली. पुढे जपानी बेटांवर आले आणि कैद्यांना परत घेऊन गेले, तिघांना मात्र गावकऱ्यांनी लपवून ठेवलं आणि ते चीनच्या आतल्या भागातून सुटून गेले, त्यांच्यामुळेच जगाला ही हकीकत कळली. ८२८ कैदी गेले. युद्धानंतर हाँगकाँगला खटला चालून बोटीच्या जपानी कप्तानाला सात वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या किनाऱ्यावर मासेमारीवर जगणारी जी माणसं हे वाचत असतील त्यांना वेगळं सांगायला नको की दुसऱ्याच्या बंदुकीसमोर वल्हं मारत जाणं म्हणजे काय. त्या मासेमारांची नावं प्रत्येक शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

मडगावची एक कॉलेज विद्यार्थिनी : सर, हॉस्पिटलच्या बोटीवर रेडक्रॉस रंगवतात मग कैद्यांच्या बोटीवर काहीतरी खूण का नाही रंगवली? एवढं सोपं होतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला बेटा, आणि याचं उत्तर द्यायला मला आपल्याच मुरगाव बंदरात यावं लागतं.

आधी कायदा. हॉस्पिटल बोटींना १९०७ च्या हेग कराराने संरक्षण होतं, पांढरा रंग, पट्टा, क्रॉस, सगळं ठरलेलं. युद्धकैद्यांसाठी १९२९ चा जिनिव्हा करार होता, त्यात कैद्यांना लढाईच्या धोक्यात ठेवू नये असं होतं, पण त्यांना नेणाऱ्या बोटीवर अमुक खूण करा असा नियमच नव्हता. शिवाय जपानने त्या करारावर सही केली होती पण तो मंजूर करून घेतला नव्हता. आणि दुसरं म्हणजे खूण करायची तर मग त्या बोटीत सैनिक, दारूगोळा, रबर, कथील असलं काही नेता येत नाही, आणि तेच तर सगळ्यांना न्यायचं होतं. कैदी हा जास्तीचा माल होता. हे जपानी करत होते तसं इंग्रजही करत होते, लाकोनियावर तोफा होत्या हे वर लिहिलंच.

आता मुरगाव. ऑक्टोबर १९४३ मध्ये आपल्या बंदरात दोन मोठ्या बोटी आल्या. एक जपानची तेइया मारू, म्हणजे मूळची आरामिस नावाची फ्रेंच प्रवासी बोट, जपान्यांनी घेतलेली. दुसरी ग्रिप्सहोल्म, स्वीडनची, अमेरिकेने भाड्याने घेतलेली. तेइया मारूत जपानच्या ताब्यातले अमेरिकन, कॅनेडियन वगैरे नागरिक, मिशनरी, व्यापारी, बायका-मुलं, आणि ग्रिप्सहोल्मवर अमेरिकेतून आणलेले जपानी नागरिक, दोन्हीकडे साधारण दीड-दीड हजार. हे युद्धकैदी नव्हते, नागरिक होते, ते लक्षात ठेव. गोवा पोर्तुगीजांचा, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून अदलाबदल इथे ठरली. १९४२ ची आधीची अदलाबदल लोरेन्सू मार्किशला झालेली. धक्क्यावर बोटी पुढे-मागे लागल्या आणि एका बाजूची माणसं उतरून चालत दुसऱ्या बोटीवर गेली, दुसऱ्या बाजूची इकडे आली.

आणि या बोटी युद्ध चालू असलेल्या समुद्रातून सुरक्षित आल्या कशा? तर तेइया मारूच्या अंगावर मोठे पांढरे क्रॉस रंगवलेले, ग्रिप्सहोल्मच्या अंगावर देशाचं नाव आणि डिप्लोमॅट असा शब्द केवढ्यातरी अक्षरात, रात्री सगळे दिवे लावून त्यावर झोत सोडलेले जेव्हा बाकीच्या सगळ्या बोटी अंधार करून जात होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या पाणबुड्यांना आधीच मार्ग कळवलेला. एकानेही टॉर्पेडो सोडला नाही. म्हणजे खूण करता येत होती, मार्ग कळवता येत होता, शत्रू ते पाळतही होता. मुरगावच्या धक्क्यावर हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळे "जमण्यासारखं नव्हतं" हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. नागरिकांच्या बदल्यात आपले नागरिक परत मिळणार होते म्हणून जमलं, कैद्यांच्या बदल्यात काही मिळणार नव्हतं.

तेइया मारूचं पुढे काय झालं तेही सांगतो. क्रॉस पुसले, ती परत सैन्य न्यायला लागली, आणि १८ ऑगस्ट १९४४ ला फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाजवळ रॅशर या अमेरिकन पाणबुडीने तिला बुडवली. आत पाच हजारांवर माणसं होती, अडीच हजारांहून जास्त मेली. तीच बोट, वर्षसुद्धा झालं नव्हतं.

खूण असली की शंभर टक्के सुटका असंही नाही. आवा मारू नावाच्या जपानी बोटीला अमेरिकेने स्वतः अभय दिलेलं होतं कारण ती युद्धकैद्यांसाठी मदतीचं सामान घेऊन गेली होती. १ एप्रिल १९४५ ला परतताना तैवानच्या सामुद्रधुनीत धुक्यात क्वीनफिश या अमेरिकन पाणबुडीने तिला बुडवली, दोन हजारांत एकच माणूस वाचला. पाणबुडीच्या कप्तानावर कोर्टमार्शल झालं. पण अशी उदाहरणं कमी, आणि बिनखुणेच्या बोटींची यादी लांबच लांब.

दोडामार्गाहून एक माजी सैनिक : या बोटींत भारतीय कैदी होते की फक्त गोरे? आपल्या माणसांचं कुठे काही छापून येत नाही.

होते साहेब, आणि तुमची तक्रार बरोबर आहे. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं तेव्हा चाळीस हजारांच्या वर भारतीय सैनिक कैद झाले. त्यातले जे आझाद हिंद सेनेत गेले नाहीत त्यातल्या हजारोंना बोटींत भरून न्यू गिनी, न्यू ब्रिटन अशा बेटांवर हमालीला पाठवलं.

बुयो मारू ही त्यातली. २६ जानेवारी १९४३, न्यू गिनीच्या उत्तरेला. बोटीत एकूण ११२६ माणसं, त्यातले ४९१ भारतीय कैदी, १६ व्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे. वाहू या अमेरिकन पाणबुडीने बोट बुडवली आणि मग वर येऊन होड्यांवर तोफा-मशीनगन चालवल्या. वाहूचा कप्तान मॉर्टन याची समजूत अशी की हे सगळे जपानी सैनिक आहेत, किनाऱ्याला लागले तर उद्या आपल्याच लोकांशी लढतील. १९५ भारतीय गेले, जपानी ८७. म्हणजे मेले त्यात जपान्यांच्या दुप्पट आपली माणसं. मॉर्टनला त्या फेरीबद्दल मानसन्मान मिळाले. अमेरिकेत या गोळीबारावर अजून वाद चालतो, पण तो बहुतेक वेळा मॉर्टन बरोबर की चूक एवढ्यावरच फिरतो आणि ते १९५ जण कुठल्या गावचे, त्यांच्या घरी कधी कळलं, हे कुणी विचारत नाही. न्यू ब्रिटन बेटावर रबौलजवळ बिटा पाका इथे युद्ध दफनभूमी आहे, तिथे भारतीय सैनिकांच्या कबरी आणि नावं आहेत. तुम्ही लष्करात होतात, तुमच्या संघटनेने निदान एकदा या लोकांची आठवण काढावी अशी विनंती.

काणकोणहून : मुरगावात जर्मन बोटी बुडवल्या त्यात पण कैदी होते का?

नाही. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स या तीन जर्मन आणि आंफोरा ही इटालियन, चारही व्यापारी बोटी, युद्ध पेटल्यावर तटस्थ बंदर म्हणून आसऱ्याला आलेल्या. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांच्या एका हौशी पलटणीने एरेनफेल्सवर हल्ला केला, तिचा कप्तान मारला गेला आणि खलाशांनी आपल्याच बोटी बुडवल्या. हा वेगळा विषय, त्यावर कधीतरी वेगळं लिहू.

डिचोलीहून : शेवटी दोष कोणाचा म्हणायचा? टॉर्पेडो मारणाऱ्याचा की कैदी भरणाऱ्याचा?

माझं मत विचाराल तर आधी झाकण बंद करणाऱ्याचा. टॉर्पेडो सोडणाऱ्याला बहुतेक वेळा आत कोण आहे ते माहीत नव्हतं, झाकण बंद करणाऱ्याला पक्कं माहीत होतं. आरिसान मारू बघा, ऑक्टोबर १९४४, पावणेअठराशेच्या आसपास अमेरिकन कैदी, टॉर्पेडोही अमेरिकन, जिवंत राहिले नऊ. जुन्यो मारू, १८ सप्टेंबर १९४४, सुमात्राजवळ, ब्रिटिश पाणबुडी ट्रेडविंडने बुडवली, आत डच, ब्रिटिश वगैरे कैदी दोनेक हजार आणि जावामधून जबरदस्तीने आणलेले मजूर चार हजारांवर, साडेपाच हजारांहून जास्त मेले. त्या जावातल्या मजुरांची तर नावंही कुणी लिहून ठेवली नव्हती.

पण दोस्त राष्ट्रांना अगदीच मोकळं सोडता येत नाही. जपान्यांचे गुप्त संदेश ते फोडत होते, बोटी कधी कुठून निघणार हे त्यांना बऱ्याचदा कळत होतं, आणि कैदी जपानला नेले जातायत हेही एव्हाना माहीत होतं. सप्टेंबर १९४४ मध्ये राकुयो मारू आणि काचिदोकी मारू या कैदी भरलेल्या जपानी बोटी अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवल्यानंतर तीन दिवसांनी पँपानिटो ही अमेरिकन पाणबुडी त्याच भागातून परत जात होती, तेव्हा तराफ्यांवर तेलाने काळी झालेली माणसं दिसली, ती ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन निघाली, जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-बर्मा रेल्वेवर राबून जगलेली. पाणबुडीवाल्यांनी मग इतर पाणबुड्यांनाही बोलावून मिळतील तेवढी, दीडशेच्या वर माणसं काढली. त्या रेल्वेवर काय चाललंय ते बाहेर पहिल्यांदा नीट कळलं ते या माणसांकडून.

आणि एक दोष असा आहे ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं, तो म्हणजे न कळवण्याचा. माँटेव्हिडिओ मारू ही जपानी बोट १ जुलै १९४२ ला बुडाली, रबौलहून नेलेले हजाराच्या आसपास कैदी आणि नागरिक, बहुतेक ऑस्ट्रेलियन, सगळे गेले. घरच्यांना कळलं युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये. तीन वर्षं त्या बायका-आया पत्रं लिहीत होत्या. बोटीचा सांगाडा सापडला २०२३ मध्ये, चार हजार मीटरच्या खाली. १९४९ च्या जिनिव्हा करारात मग कलम घातलं की कैद्यांना समुद्रातून किंवा विमानाने नेताना त्यांच्या सुरक्षेची पुरेशी काळजी घ्या आणि निघायच्या आधी सगळ्यांची पूर्ण यादी करा. यादी! एवढी साधी गोष्ट.

साळगावहून एक वाचक भगिनी : आमचे आजोबा तारवटी, म्हणजे खलाशी होते, बीआय (ब्रिटिश इंडिया) या जहाज कंपनीच्या बोटीवर. ४२ साली गेले ते परत आलेच नाहीत, आजीला एक तार आली एवढंच घरात सांगतात. ते कैदी नव्हते, पण त्यांचं नाव कुठे असेल का?

असण्याची शक्यता चांगली आहे, नक्की शोधा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट आहे, तिथे नाव घालून फुकट शोधता येतं, व्यापारी बोटींवरचे भारतीय खलाशीसुद्धा त्यात आहेत. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या १९३९-१९४५ युद्धस्मारकांच्या नोंदवहीत आहेत, सहा हजारांवर नावं, आणि मुंबईची वही मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये असते.

शोधताना आडनाव दोन-तीन प्रकारे घालून बघा, कारण आपली पोर्तुगीज आडनावं इंग्रज कारकुनांनी ऐकू आली तशी लिहिलीत, शेवटी एस की झेड इथपासून गोंधळ, आणि कधीकधी बापाचं नावच आडनाव म्हणून टाकलंय. बोटीचं नाव माहीत असेल तर त्यावरून शोधणं आणखी सोपं. बीआयची आणि ४२ साल म्हणताय तर तिलावा एकदा तपासाच, ती मुंबईहून पूर्व आफ्रिकेला जाताना २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसं गेली, ६७८ वाचली. पण तीच असेल असं धरून चालू नका, त्या वर्षात त्या कंपनीच्या बऱ्याच बोटी गेल्या.

आजीला आलेली तार घरात कुठे ट्रंकेत असेल तर आधी तिचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा, दोन्ही बाजूंचा, आणि आम्हाला पाठवा. त्यावर बोटीचा किंवा कंपनीच्या ऑफिसचा नंबर असतो कधीकधी. बार्देश आणि साष्टीत अशी कागदपत्रं अजून बऱ्याच घरांत असणार, ज्यांच्याकडे असतील त्यांनीही पाठवा, पुढच्या अंकात जागा ठेवली आहे.